आयकराच्या दोन पद्धती : दुकानदाराने जपून निवडावे

औंध असो की आटपाडी, मार्च संपला की बाजारात एकच चर्चा : आयकर नव्या पद्धतीने भरावा की जुन्या? पगारदार मंडळींचे ऐकून आपण व्यापाऱ्यांनी हे ठरवू नये, असे आम्हांस वाटते.

कारण साधे आहे. शिक्षक किंवा कारकून दरवर्षी पद्धत बदलू शकतो. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्यास ती मोकळीक नाही. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास विवरणपत्राच्या मुदतीत ठरलेला फॉर्म (२०२५-२६ साठी १०-आयईए) भरावा लागतो. पुढे एकदा नव्या पद्धतीत परत आलो, की धंदा चालू असेपर्यंत जुनीचे दार बंद.

आता हिशेब पाहू. साठ वर्षांखालील कापड दुकानदाराचे उत्पन्न ९ लाख रुपये धरू. २०२५-२६ च्या दरांनी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. विवरणपत्र मात्र भरावेच लागते. जुन्या पद्धतीत ८०-सी कलमाची पूर्ण दीड लाखाची वजावट घेतली तरी उपकरासह ६५,००० रुपये पडतात.

व्याजाच्या ठेवी व विमा टाळणाऱ्या बंधूंना तर वजावटी फारशा मिळतच नाहीत. उत्पन्न १२ लाखांवर असून गृहकर्जाचे व्याज, मुलांची फी अशा वजावटी मोठ्या असतील, तर दोन्ही आकडे सल्लागाराकडून कागदावर मांडून घ्यावेत. त्याआधी सही करू नये.