चढाचा सातारा, सपाट सांगली आणि एक हायब्रिड सायकल

पोवई नाक्याहून राजवाड्याकडे निघालं की सातारकराला रस्ता चढाचा आहे हे सांगावं लागत नाही, मांड्याच सांगतात. राजपथाने जा की खालच्या कर्मवीर पथाने, चढ चुकत नाही. पुढे समर्थ मंदिर, बोगदा आणि यवतेश्वरचा घाट, म्हणजे चढतच जायचं. सांगलीत विश्रामबागेहून मिरजेकडे निघालात, तर वाटेत रेल्वेचा उड्डाणपूल सोडला तर पायाला त्रास देणारं फारसं काही नाही. दोन गावांत रस्त्याने सव्वाशे किलोमीटरचं अंतर. तरी दोन्हीकडच्या दुकानांत रोज कामाला जाण्यासाठी हायब्रिड मागितली, की पुढे येते ती बहुतेक एकच सायकल: एकवीस गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, मडगार्ड नाही, स्टँड असला तर नशीब. आणि तिची तारीफही दोन्हीकडे तीच.

हायब्रिड म्हणजे शर्यतीच्या सायकलीची मोठी, हलकी चाकं आणि माउंटन बाइकचं सरळ हँडल यांचा संसार. टायर साधारण ३२ ते ४२ मिलिमीटर रुंद असतो आणि बसणं बऱ्यापैकी ताठ. ऑफिस, कॉलेज, बाजार यांसाठी जात चांगलीच आहे. घोटाळा होतो तो दुकानात आणि घरी ऐकलेल्या सल्ल्यांमुळे.

“गिअर जितके जास्त, तितकी सायकल भारी”

पुढे तीन चकत्या, मागे सात, गुणाकार एकवीस. पण हे एकवीस वेग वेगवेगळे नसतात. पुढे ४८-३८-२८ दात आणि मागे १४ ते २८ ही अगदी नेहमीची जोडणी घ्या. पुढची ४८ची चकती आणि मागची २०ची यांचं गुणोत्तर २.४. मधली ३८ची आणि मागची १६ची घेतली तर २.३८. पायाला हा फरक कळणंच शक्य नाही. शिवाय पुढची सर्वांत मोठी आणि मागचीही सर्वांत मोठी अशी चेन टाकायची नसते, कारण ती तिरकी ओढली जाऊन करकरते आणि लवकर झिजते. हे सगळं वजा केलं की खरोखर वेगळे वेग जेमतेम डझनभर उरतात.

साताऱ्यात विचारायचा प्रश्न वेगळा: सर्वांत हलका गिअर किती हलका? जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. समर्थ मंदिराच्या चढावर लोक खाली उतरून सायकल ढकलतात, ते याच हिशोबामुळे. दमाचा दोष त्यात कमी. हायब्रिडला पुढे २८, मागे २८ असले तर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर. मागे ३४ दातांची चकती असली तर १.८. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो, पण पाठीला लॅपटॉप आणि हँडलला डबा असताना चढावर तोच फरक बसून जाणं आणि उतरून ढकलणं यांच्यातला असतो. साताऱ्यात घेणार असाल तर मागच्या मोठ्या चकतीचे दात दुकानातच मोजा. विक्रेता हसला तर हसू द्या.

सांगलीकराने मात्र एवढा खटाटोप करू नये. पुढे एकच चकती आणि मागे सात-आठ, इतकं तिथे पुरून उरतं. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पुढचा डिरेलर नाही म्हणजे बिघडायची एक वस्तू कमी. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्याने बिनगिअरची घेतली तरी माझी हरकत नाही.

“आपल्या खड्ड्यांना शॉकअप हवाच”

महागड्या माउंटन बाइकचा शॉकअप आणि रोजच्या किमतीतल्या हायब्रिडचा शॉकअप यांचं फक्त नाव एक आहे. स्वस्तातल्या नळीत साधी स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारी यंत्रणा बहुधा नसतेच. साध्या फोर्कपेक्षा तो किलोभराने किंवा त्याहून जड भरतो, चढावर उभं राहून पायडल मारलं की खाली-वर डुलतो आणि तुमचा जोर गिळतो. दोन पावसाळ्यांत आत पाणी-चिखल जाऊन गंजला की नुसतं वजन उरतं. शिवाय धक्का बसतो तो प्रामुख्याने बैठकीला, आणि शॉकअप असतो पुढच्या चाकाला.

खड्ड्यांवरचा खरा उपाय म्हणजे रुंद टायर आणि त्यात नेमकी हवा. साधा फोर्क आणि ३८-४० मिलिमीटरचा टायर ही जोडी दोन्ही गावांना शोभते.

“अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस”

या गैरसमजाने जितकी माणसं रस्त्यावर अडकतात, तितकी दुसऱ्या कशाने अडकत नसावीत. हायब्रिडच्या टायरवर ७००सी लिहिलेलं असतं आणि बोलताना तिला सर्रास अठ्ठावीस इंची म्हणतात. वडिलांच्या काळ्या सायकलीचं चाकही अठ्ठावीस इंचीच. म्हणून तासगावच्या किंवा कोरेगावच्या दुकानात लटकणारा अठ्ठावीस-दीडचा टायर आपल्याला चालेल असं वाटतं. तो चालत नाही. टायर रिंगवर जिथे बसतो, तिथला व्यास काळ्या सायकलीला ६३५ मिलिमीटर असतो, हायब्रिडला ६२२. तेरा मिलिमीटरने ढिला टायर चढवला की हवा भरताना तो रिंगवरून सुटतो. गंमत अशी, की माउंटन बाइकचं ‘एकोणतीस इंची’ चाकही ६२२च आहे, म्हणजे नावाने मोठं असलं तरी रिंग काळ्या सायकलीपेक्षा लहान. इंच विसरा. टायरच्या कडेला ३७-६२२ अशी आकड्यांची जोडी छापलेली असते, ती मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि दुकानात तीच दाखवा.

ट्यूब मात्र रबराची, ताणली जाणारी वस्तू. अडचणीत अठ्ठावीस-दीडची ट्यूब हायब्रिडमध्ये बसवून घर गाठता येतं, पण रिंगच्या भोकातून व्हॉल्व्ह जायला हवा. इथे खरेदीच्या वेळचा शहाणपणा कामी येतो. व्हॉल्व्ह तीन जातींचे. पहिला वालट्यूबवाला, आपल्या जुन्या सायकलींचा. दुसरा मोटारसायकलसारखा जाड. तिसरा बारीक, टोकाला स्क्रू असलेला, शर्यतीच्या सायकलींना असतो. तिसऱ्यासाठी पाडलेल्या बारीक भोकात पहिल्या दोन्हींपैकी एकही शिरत नाही. रोजच्या वापराला जाड व्हॉल्व्हच घ्यावा, कारण मोटारसायकलच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे त्यात हवा भरता येते, आणि असा पंक्चरवाला नाही असा फाटा या दोन जिल्ह्यांत सापडणं कठीण.

पण हवा किती? ‘मोटारसायकलएवढी’ म्हणालात की तो तीसच्या आसपास पीएसआय भरेल. हायब्रिडच्या अरुंद टायरला ती अपुरी पडते. खड्ड्यात टायर रिंगपर्यंत दाबला जातो आणि ट्यूब चिमटते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवाच कमी होती. सत्तर किलोच्या माणसाला ३५ ते ३८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय बरी, मागच्या चाकात थोडी जास्त. कडेला छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. कॉम्प्रेसरने भरताना थोडी-थोडी, थांबत थांबत भरायला सांगा, कारण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी असते आणि गेजचा काटा बघता बघता पुढे सरकतो. हवा आपोआपही उतरते, म्हणून आठवड्याला एकदा बघायची. गेज असलेला उभा पंप घरी असला, तर उरलेल्या सगळ्या ॲक्सेसरीज नंतर घेतल्या तरी चालतील.

जत, कवठेमहांकाळकडे बाभळीचा काटा ठरलेला. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा, नाहीतर तोच काटा पन्नास पावलांवर पुन्हा भेटतो.

“डिस्क ब्रेक म्हणजे सुरक्षित, रबरी गुटके म्हणजे जुनाट”

इथे मी दोन गावांना दोन उत्तरं देईन. कोरड्या रस्त्यावर नीट जुळवलेले रबरी गुटक्यांचे व्ही-ब्रेक कुठल्याही शहरी वेगाला पुरेसे असतात. सांगलीत ते घ्यावेत: गुटके स्वस्त, कुठेही मिळतात आणि आपले आपण बदलता येतात. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वरकडून उतरताना रिंग ओली असते, जांभ्याची लाल माती तिला चिकटते, आणि ती गुटके तर खातेच, रिंगही घासते. तिथे डिस्कचे जादा पैसे वसूल होतात. मात्र केबलवर चालणारी डिस्क घ्या. तेलावर चालणारी अधिक मऊ आणि जोरकस असते, पण तिच्यातली हवा काढणारा कारागीर जवळ आहे का, याची चौकशी आधी करा. आणि डिस्कच्या पात्यावर चेनच्या तेलाचा शिंतोडाही पडू देऊ नका. एकदा पॅड तेल प्यायले की किंचाळतात, आणि ब्रेक लागत नाही तो नाहीच.

पहिल्याच दिवशी आणखी एक बघा: उजव्या हाताने पुढचा ब्रेक लागतो की मागचा? मोटारसायकलवर उजवा हात पुढच्या चाकाचा. काही सायकलींची जोडणी उलट असते. सवयीने दाबलेला हात ऐन उतारावर भलतंच चाक थांबवतो. केबल अदलाबदल करायला दुकानदाराला फार वेळ लागत नाही.

“सीटवर बसून दोन्ही पाय टेकले पाहिजेत”

मग गुडघे दुखतात आणि दोष सायकलीला जातो. सीटची उंची अशी हवी, की टाच पायडलवर ठेवून ते सर्वांत खाली नेलं तर पाय सरळ व्हावा. चवडा ठेवला की गुडघ्याला हलकासा वाक उरतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा. उतरून उभं राहिल्यावर आडव्या नळीच्या वर दोन-चार सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ‘पोरगं वाढतंय, मोठीच घ्या’ हा हिशोब चपलेला ठीक. सायकल मोठी झाली की ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत. जाड मऊ गादीचंही तसंच. पहिले दोन किलोमीटर ती सुखाची, नंतर मांड्यांना घासते.

हे खरं तर विकणाऱ्याने बसवून, मोजून द्यायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचं दुकान काढलं, तेव्हा त्यांचे भाऊ रामुअण्णा सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. पुढे १९१०मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कारखान्यासाठी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. किर्लोस्करांच्या मोठ्या उद्योगाची सुरुवात गिऱ्हाइकाला सायकलीवर बसतं करण्यापासून झाली. आजच्या शोरूमला निदान सीटची उंची बघायला काय हरकत आहे?

मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, दिवे आणि कुलूप बहुतेकदा किमतीत धरलेले नसतात. फ्रेमवर मडगार्ड आणि कॅरिअरचे स्क्रू लावायला भोकं आहेत का, एवढं नक्की बघा. साताऱ्याच्या पावसात मडगार्ड नसेल तर शर्टाच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. ओढणी किंवा सलवार वापरणाऱ्यांनी चेनकव्हर आहे का तेही बघावं, कारण हायब्रिडला ते सहसा नसतं.

“भरपूर तेल, भरपूर पाणी”

चेनला तेल लागतं ते आत, छोट्या रोळांच्या पोटात. बाहेर चोपडलेलं तेल धूळ धरतं, आणि तेल-धुळीचा तो लगदा पॉलिश पेपरसारखा चेन आणि दात घासत राहतो. गॅरेजमधलं जळकं ऑइल यात सर्वांत वाईट. खोबरेल तेल साताऱ्याच्या थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, कोरड्या दिवसांत काही काळ निभावतं, पण पहिल्या सरीत वाहून जातं. गंज सोडवायचे स्प्रे गंजच सोडवतात, वंगणाचं काम करत नाहीत. सायकलसाठीचं चेन ऑइल घ्या, एकेका रोळावर एकेक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा. पुसणं हा यातला अर्धा भाग आहे आणि तोच सगळे गाळतात. दर दोनशे किलोमीटरला, आणि भिजून आलात तर चेन सुकल्यावर लगेच. सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती रस्त्यावर येते, तेव्हा त्याहून लवकर.

चेन झिजली का, हे शाळेच्या इंची पट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, तिच्या पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक-षोडशांश इंचाने पुढे गेली तर चेन बदला. एक-अष्टमांशाने गेली असेल तर मागच्या चकत्याही बहुधा गेल्या. वेळेत बदललेली एक चेन पुढचा मोठा खर्च वाचवते.

आणि मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर सायकल नेऊ नका. जोराच्या फवाऱ्याने हब आणि क्रँकच्या छऱ्यांमधलं ग्रीस निघून जातं आणि त्या जागी पाणी बसतं. सायकल लखलखीत दिसते आणि महिन्याभरात आतून खरखरायला लागते. एक बादली, एक फडकं आणि जुना टूथब्रश बास.

नवी सायकल पहिल्या महिन्यात एकदा कारागिराला दाखवायलाच हवी, कितीही महाग असली तरी. चाकाच्या तारा आपापल्या जागी बसतात, केबली ताणल्या जातात, चाकाला आऊट येतो, म्हणजे ते फिरताना डुलतं. तो आऊट काढायला लागणारा हात शोरूममध्ये असेलच असं नाही. गल्लीतल्या जुन्या कारागिराकडे मात्र तो हमखास असतो. गिअरला तो बिचकत असेल, पण चाक त्याच्याइतकं कोणी सरळ करत नाही.

“पुरात बुडाली, धुतली, झालं”

सांगलीला हे वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१मध्ये पाणी पुन्हा शहरात शिरलं. तळमजल्यावरच्या, पार्किंगमधल्या सायकली गाळात दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. अशी सायकल बाहेरून धुऊन चालवायला घेतली तर चालते, म्हणून लोक फसतात. पुराचं गाळमिश्रित पाणी हबमध्ये, क्रँकच्या धुरीत, हँडलच्या कप-कोनमध्ये आणि फ्रीव्हीलमध्ये गेलेलं असतं. ते सगळं उघडून, रॉकेलने धुऊन, छर्रे बदलून, नव्या ग्रीसने भरावं लागतं. चेन आणि केबली सरळ टाकून द्याव्यात. डिस्कचे पॅडही. फ्रेम उलटी करून सीटची नळी काढा, आतलं पाणी निथळू द्या आणि एक-दोन दिवस उन्हात ठेवा. फ्रेम लोखंडाची असेल तर आतून तेलाचा हात फिरवा. ॲल्युमिनियमची असेल तर तिला तांबडा गंज चढत नाही, पण सीटची नळी आत जाम होते, म्हणून परत घालताना ग्रीस लावूनच घाला. पाणी ओसरलेल्या आठवड्यात शहरभरच्या कारागिरांकडे रांगा असतात. तुमचा नंबर लागेपर्यंत निदान ही नळी बाहेर काढून ठेवा.