लागवडीला उशीर चालेल, लशीला नको

होळी झाली, पाडवा तोंडावर आला, तरी गच्चीवरच्या कुंड्यांत गेल्या हंगामातल्या टोमॅटोच्या वाळक्या काटक्या तशाच उभ्या आहेत. भेंडीच्या बियांची पुडी जानेवारीत आणली, ती फ्रिजवर पडून आहे. दर रविवारी काही ना काही निघते आणि काम पुढे जाते. मग एका रविवारी अपराधी भावनेने घरातला बागप्रेमी खुरपे हातात घेतो आणि दोन महिन्यांची थकबाकी एका दिवसात फेडायला बसतो. सोमवारी कंबर धरलेली असते, बोटाला चीर पडलेली असते आणि ‘एवढ्याशा चिरेला कशाला डॉक्टर?’ असा प्रश्न घरात चर्चेला असतो.

आधी दिलासा. घरच्या बागेत उशीर फारसा नडत नाही. शेतकरी उन्हाळी भेंडी, गवार जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर पेरतो, कारण त्याला बाजार गाठायचा असतो. घरच्या चार कुंड्यांना तशी घाई नसते. भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा ही मुळात उष्णता मानवणारी पिके आहेत. गार मातीत भेंडीचे बी रेंगाळते. मार्चच्या उबदार मातीत, रात्रभर भिजवून टोकले, तर आठवडाभरात उगवते आणि साधारण दीड-दोन महिन्यांत भाजीपुरती भेंडी देऊ लागते. टोमॅटोचा नाद मात्र आता सोडावा. पारा पस्तिशीपुढे गेला की त्याची फुले गळतात. कोथिंबीर, मेथी हवी असेल तर दुपारी सावली येईल अशा जागी, थोडी थोडी पेरावी.

म्हणजे रोपे सांभाळून घेतात. शरीर मात्र तेवढे सोशिक नसते. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह सहज पंधरा-वीस किलो भरते. एरवी खुर्चीत बसणाऱ्या माणसाने वाकून अशा आठ कुंड्या सरकवल्या, तर कंबर तक्रार करणारच. कुंडी उचलण्याआधी निम्मी माती काढावी, गुडघ्यांत वाकावे, वजन अंगाजवळ धरावे. जमिनीवर ओणवे राहण्यापेक्षा पाट किंवा स्टूल घ्यावे. काम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावे आणि रोज अर्ध्या तासावर थांबावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी उन्हात घाम गाळणे टाळावे. अशांना चक्कर लवकर येते.

आता त्या बोटावरच्या चिरेकडे वळू. धनुर्वात गंजलेल्या लोखंडामुळे होतो, असा समज आहे. गंजाचा त्यात दोष नाही. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. खिळा गंजलेला असो वा चकचकीत, त्याला माती लागली असेल तर धोका तोच. कुंडीत आपण मुद्दाम माती आणि शेणखत एकत्र करतो, म्हणजे हा जिवाणू तिथे असणार असेच धरून चालावे. बीजाणू जखमेत खोल, हवा न पोहोचणाऱ्या जागी गेले की वाढतात आणि विष तयार करतात. म्हणून उघड्या खरचटण्यापेक्षा काटा, काडी किंवा खुरप्याचे टोक खोल रुतले तर धोका अधिक. लक्षणे बहुधा तीन दिवस ते तीन आठवडे या काळात दिसतात. जबडा उघडत नाही, मान ताठ होते, झटके येतात. उपचार अतिदक्षता विभागात करावे लागतात आणि ते करूनही रुग्ण दगावू शकतो. वाचला, तरी या आजाराने पुढची प्रतिकारशक्ती मिळत नाही; ती फक्त लशीने मिळते.

इथेच मोठ्यांची थकबाकी निघते. भारतात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि सर्वदूर पोहोचायला त्याला पुढे बरीच वर्षे लागली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांना लहानपणी या लशीचे पूर्ण डोस मिळालेलेच नसण्याची शक्यता आहे. बायकांना निदान बाळंतपणाच्या निमित्ताने लस मिळाली. पुरुषांच्या वाट्याला मात्र कधीतरी पडल्या-झडल्यावर घेतलेले एखादे इंजेक्शन. आणि निवृत्तीनंतर बागेत रमणारे नेमके याच वयाचे.

उलट काही जण प्रत्येक ओरखड्याला, दर सहा महिन्यांनी इंजेक्शन मागतात. त्याचीही गरज नसते. आता टीटीच्या जागी टीडी ही लस मिळते. तिने घटसर्पापासूनही संरक्षण होते. पूर्वी पूर्ण डोस झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल, तर एक डोस घ्यावा. आधी कधी लस घेतली हे आठवतच नसेल तर एका इंजेक्शनवर भागत नाही. पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि पुढे सहा ते बारा महिन्यांनी तिसरा, असे तीन लागतात. अशा व्यक्तीला मातीची खोल जखम झाल्यास लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. कोणत्याही जखमेवर पहिला उपाय एकच : वाहते पाणी आणि साबण. हळद, चुना किंवा माती भरू नये.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, तेव्हा काटा रुतलेला कळत नाही. कळतो तो पू झाल्यावर. त्यामुळे गच्चीवरही अनवाणी जाऊ नये, बंद चप्पल किंवा बूट घालावेत आणि रात्री तळवे आरशात पाहावेत.

शेवटची थकबाकी कुंडीखालच्या ताटलीची. तिथे साचलेल्या पाण्यात डेंगी पसरवणारा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसते ओतून देऊ नये, आठवड्यातून एकदा ताटली घासावी.

भेंडीची पुडी आणखी आठवडाभर फ्रिजवर राहिली तरी बिघडणार नाही. त्या आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आपल्या लशीची चौकशी करावी आणि मग सावकाश मातीत हात घालावा.