मोरपिसाची माशी

मासा आणि माशी. बोलताना या दोन शब्दांचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. या धड्यात दोघांची गाठ पडणार आहे. मासा माशी खातो, आणि ती माशी तुम्ही घरी बनवू शकता!

ही माशी अर्थातच नकली. मासा पकडायच्या वाकड्या, टोकदार काट्याला मराठीत गळ म्हणतात. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून किड्यासारखी वस्तू करायची, की झाली माशी. गळाला गांडूळ लावलं तर माशाला त्याचा वास येतो. नकली माशीला ना वास, ना चव. फसवायचं ते माशाच्या डोळ्यांना. म्हणून ती पाण्यात जिवंत वाटली पाहिजे. पिसाचे मऊ तंतू पाण्यात हलतात आणि माशाला वाटतं, किड्याचे पायच हलतायत.

सुरुवातीला एक सोपी माशी करून बघा. तिचं नाव 'ब्लॅक अँड पीकॉक स्पायडर'. तिला लागतं मोरपीस.

१. टेबलाला लावायच्या छोट्या व्हाइसमध्ये गळ घट्ट बसवा. गळ बोटात घुसू शकतो, म्हणून घरातलं कुणीतरी मोठं माणूस जवळ असू द्या.

२. सुईला नेढं असतं, तसं गळालाही छोटं भोक असतं. तिथून काळा दोरा गुंडाळत गळाच्या बाकापर्यंत जा. दोरा सैल सोडू नका.

३. बाकापाशी मोरपिसाचे तीन-चार तंतू बांधा. ते दोऱ्याबरोबर पिळा, म्हणजे पटकन तुटणार नाहीत. हा पीळ गुंडाळत पुढे या. माशीचं चमकदार, गुबगुबीत अंग तयार होईल.

४. भोकाच्या अलीकडे थोडी जागा ठेवा. तिथे कोंबडीचं मऊ, काळं पीस बांधा आणि दोनच वेढे द्या. जास्त दिलेत तर किडा दिसणार नाही, झाडू दिसेल!

५. दोऱ्याची गाठ मारा, उरलेला दोरा कापा आणि गाठीवर वॉर्निशचा एक थेंब लावा.

पाण्यातल्या माशाला ही माशी भुंग्यासारखी किंवा गोगलगायीसारखी दिसते. ईलिंगमध्ये हॅनवेलच्या उंच रेल्वे पुलाखालून ब्रेंट नदी वाहते. तिच्यात चब नावाचा मासा असतो, आणि चबला भुंगे आवडतात. पण गळ टाकण्याआधी तिथे परवानगी आहे का, ते विचारा. इंग्लंडमध्ये १३ वर्षांपासून पुढे परवाना लागतो; १३ ते १६ वयाच्या मुलांना तो फुकट मिळतो. १५ मार्च ते १५ जून या काळात नदीत चब पकडायला बंदी असते.

आता पिसांबद्दल थोडं. सह्याद्रीच्या जंगलात राखाडी रानकोंबडा राहतो. त्याच्या मानेच्या पिसांवर पिवळसर, चकचकीत ठिपके असतात. ते डोळ्यांसारखे दिसतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटनमधले लोक सामन मासा पकडायच्या माश्यांना ही पिसं लावायचे. म्हणजे आपल्याकडचा कोंबडा पिसांच्या रूपाने स्कॉटलंडच्या नद्यांत पोचला होता! पण त्यासाठी पक्षी मारले जायचे. पिसांचा हा लोभ अजून पूर्ण गेलेला नाही. २००९ साली लंडनच्या वायव्येला असलेल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची जुनी कातडी चोरीला गेली. चोराला हवी होती माश्यांसाठी लागणारी दुर्मीळ पिसं.

म्हणून पीस हातात घेतलंत की विचारा, हे आलं कुठून? मोर दरवर्षी आपला पिसारा गाळतो, तेव्हा मोरपिसासाठी त्याला मारावं लागत नाही. तरीसुद्धा आजीकडून येताना बॅगेत मोरपीस आणू नका. भारतातून ते बाहेर न्यायला बंदी आहे. इथल्या दुकानात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात. आपल्या साध्या माशीला तेवढी पुरतात, आणि चबला त्यातला फरक कळत नाही.

विचार करा आणि सांगा

१. नकली माशीला वास नसतो, तरी मासा का फसतो?
२. कोंबडीच्या पिसाचे दोनच वेढे का द्यायचे?
३. 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार माणसांबद्दलही वापरतात. त्याचा अर्थ घरी विचारा आणि एक वाक्य लिहा.