सापसुरळीच्या अंगावरचे पाहुणे

मुलांनो, बागेतली फरशी किंवा जुनी फळी उचलली की खालून सुर्रकन पळणारा चकचकीत तपकिरी प्राणी तुम्ही पाहिलाच असेल. शाळेत तुम्ही त्याला स्किंक म्हणता. मराठीत त्याला फार छान नाव आहे : सापसुरळी. भिंतीला चिकटते ती पाल, कुंपणावर बसून मान हलवतो तो सरडा, आणि गवतातून सापासारखी सळसळत जाते ती सापसुरळी. न्यूझीलंडमध्ये सरडा नाही, पण पाली आणि सापसुरळ्या मिळून शंभराहून जास्त जाती आहेत. भारतातल्यासारखी ट्यूबलाइटशेजारी बसणारी पाल मात्र इथे घरात दिसत नाही. इथल्या पाली झाडाझुडपांत आणि दगडांच्या फटींत राहतात. शहरातल्या बागेत भेटते ती बहुधा सापसुरळीच.

ही सापसुरळी उन्हात पडलेली असताना, तिला हात न लावता, नीट बघा. कानाच्या भोकाजवळ, पायाच्या बगलेत किंवा बोटांच्या बेचक्यात लाल-नारिंगी ठिपके दिसले तर ती नक्षी नव्हे. ते जिवंत आहेत! त्यांना माइट म्हणतात. कुत्र्याच्या किंवा गाईच्या अंगावरची गोचीड आई-बाबांना माहीत असेल. माइट हे तिचे चिमुकले भाऊबंद. दोघेही कीटक नाहीत, कोळ्याच्या नात्यातले आहेत. दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच जिवावर जगणाऱ्या अशा प्राण्यांना परजीवी म्हणतात.

सापसुरळीच्या अंगावरच्या अशा एका माइटचे नाव आहे ऑफिओनिसस. न्यूझीलंडमधल्या त्याच्या दोन नव्या जातींचे वर्णन १९८० साली प्रसिद्ध झाले. तो सापसुरळीचे रक्त पितो. एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट साधी होती. पण रक्ताबरोबर त्याच्या पोटात कधीकधी आणखी एक प्रवासी जातो. त्याचे नाव हेपॅटोझून. हा एकाच पेशीचा जीव सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. इथल्या सापसुरळीच्या रक्तातल्या या जीवाला १९१९ सालीच शास्त्रीय नाव मिळाले होते. म्हणजे परजीवीच्या पोटात परजीवी झाला!

आता गंमत पाहा. हिवताप कसा होतो ते आई-बाबांना विचारा. डास चावतो आणि हिवतापाचे जंतू आपल्या रक्तात सोडतो. डासाच्या पोटात हे जंतू वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला दाखवून दिले. हेपॅटोझूनची तऱ्हा मात्र उलटी आहे. तो माइटच्या पोटात वाढतो, पण माइट चावल्याने पसरत नाही. सापसुरळीने तो माइट खाल्ला, की तिला लागण होते. किडे टिपणे हा तर सापसुरळीचा धंदाच! अंगावरचा माइट टिपून खाणे तिला साहजिक वाटते, आणि तिथेच ती फसते. (हा जीव माणसांना होत नाही, तेव्हा घाबरू नका.)

मग या सापसुरळ्या आजारी पडत नाहीत का? बहुतेक वेळा चारदोन माइटनी काही बिघडत नाही. परजीवीलाही आपले घर पडून चालत नाही. पण शहरात लपायच्या जागा कमी. एकाच लाकडाच्या ढिगाखाली दाटीवाटीने राहावे लागले, की माइटना एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जाणे सोपे. थंडीने किंवा मांजराच्या भीतीने आधीच अशक्त झालेल्या सापसुरळीला तेच ओझे जड होते.

शहराची दुसरी भानगड म्हणजे परके पाहुणे. ऑकलंडच्या बागांत आज जी बारीक, फार चपळ सापसुरळी ढिगाने दिसते ती प्लेग स्किंक. ती मूळची ऑस्ट्रेलियातली, १९६०च्या दशकात ऑकलंडला आली. ती अंडी घालते. इथल्या मूळच्या सापसुरळ्या, एक जात सोडली तर, थेट पिल्लांना जन्म देतात. ओळखायची आणखी एक खूण : प्लेग स्किंकच्या डोक्यावर मधोमध एकच मोठा खवला असतो, इथल्यांच्या डोक्यावर तिथे दोन लहान असतात. असा परका प्राणी आला की तो आपले परजीवी बरोबर आणू शकतो, आणि ते ज्यांना कधी भेटले नाहीत अशांच्या अंगावर चढू शकतात.

याचे चांगले उदाहरण उष्ण देशांतल्या घरपालीचे आहे. तिच्या फुफ्फुसात रेलिएटिएला नावाचा परजीवी राहतो. दिसतो अळीसारखा, पण नात्याने खेकडे-कोळंबीच्या कुळातला! तो झुरळामार्फत पालीच्या पोटात जातो. घरपाल ऑस्ट्रेलियात पोचली आणि तिथल्या भेकांच्या फुफ्फुसातही हा पाहुणा सापडला. भारतातून किंवा फिजीहून आलेल्या सामानात पाल दिसली तर बाहेर सोडून देऊ नका. ती डब्याखाली झाका आणि बायोसिक्युरिटीला ०८०० ८० ९९ ६६ वर कळवा. पालकांनो, हे काम मुलांवर सोडू नये.

परजीवी म्हणजे सगळे वाईटच, असे मात्र मला वाटत नाही. तुआताराच्या अंगावर एक गोचीड असते, जी दुसऱ्या कोणावरही जगत नाही. तुआतारा आज मोजक्या बेटांवर आणि काही अभयारण्यांत उरला आहे. त्याची गोचीड त्याहूनही कमी ठिकाणी आहे. तुआतारा संपला तर तीही संपेल, आणि तिच्यासाठी कोणी फलक घेऊन उभे राहणार नाही. प्राणी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेताना त्याची गोचीड काढून टाकायची की तिलाही तिकीट द्यायचे, हा खरोखरच विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

माइट दिसले म्हणून सापसुरळीला पकडून धुवायला जाऊ नका. पकडताना ती शेपटी तोडून पळते, आणि शेपटीत साठवलेली चरबी तिला हिवाळ्यात हवी असते. शिवाय १९५३च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे इथल्या मूळच्या पाली-सापसुरळ्या परवानगीशिवाय पकडता वा पाळता येत नाहीत. पाली-सापसुरळ्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांना काही होत नाही, पण आपल्याला जुलाब होतात. म्हणून फळ्या-दगड उचलून झाले की साबणाने हात धुवा. आणि उचललेला दगड हळूच, होता तसा परत ठेवा. खाली कोणाचे तरी घर आहे.

पुढच्या वर्गाला येताना सापसुरळीचे आणि माइटचे चित्र काढून आणा. माइटला पाय आठ काढायचे. पण नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू काढणार असाल तर सहाच!