टॅपेटची टिकटिक थांबली, तर सावध व्हा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात आलापल्लीहून भामरागडकडे दोन माणसे आणि तांदळाचे पोते घेऊन निघालेली जुनी शंभर सीसीची मोटारसायकल मध्येच बंद पडली, तर आजूबाजूला जंगल असते, गॅरेज नसते. कधी सोबत आजारी माणूसही असतो. गाडी अशी बंद पडण्याचे एक कारण केसाएवढ्या फटीत दडलेले असते.

इंजिनात पेट्रोलमिश्रित हवा आत घेणारी एक आणि धूर बाहेर सोडणारी एक, अशा दोन झडपा असतात. त्यांना उघडतो तो रॉकर. रॉकरचा स्क्रू आणि झडपेचा दांडा यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, कारण धातू तापला की लांबतो. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी सळई १०० अंशांनी तापली, तर सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढते. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत ही फट ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. जुन्या एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटलमध्ये ती साधारण ०.१५ मिलिमीटर ठेवतात.

फट वाढली की टॅपेट टिकटिक वाजतो आणि मालक गॅरेज गाठतो. खरा धोका मात्र फट कमी होण्यात आहे. झडप आपल्या बैठकीवर वर्षानुवर्षे आदळते, बैठक झिजते, झडप थोडी आत सरकते आणि फट आपोआप मिटत जाते. इंजिन शांत होते. गाडी ‘स्मूद’ झाली असे वाटते. पण झडप आता पूर्ण बंद होत नाही. धुराच्या झडपेची बहुतांश उष्णता बैठकीला टेकल्यावरच बाहेर जाते. ते टेकणेच अपुरे पडले, तर तिची कड जळते. गरम इंजिन पटकन सुरू न होणे, चढावर दम लागणे, गाडी उभी असताना बंद पडणे ही त्याची लक्षणे.

एअर-कूल्ड इंजिनाला रेडिएटर नसतो. थंडावा मिळतो तो पंखांवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा. जंगलवाटेचा चिखल पंखांत वाळून बसला, ओझे जास्त आणि वेग कमी असला, की झडपांवरचा ताण वाढतो. म्हणून पंख स्वच्छ ठेवणे हीसुद्धा झडपांचीच काळजी.

फट घरी तपासता येते. फिलर गेज, पाना आणि गाडीची पुस्तिका एवढे पुरते. इंजिन पूर्ण थंड हवे. अनेक पुस्तिकांत ३५ अंशांखाली, असे म्हटलेले असते. विदर्भाच्या उन्हाळ्यात याचा अर्थ एकच: गाडी रात्रभर उभी ठेवा आणि काम पहाटे करा.

प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरते. ते पुस्तिकेत दिलेल्या दिशेनेच फिरवावे. आत घेणाऱ्या झडपेचा रॉकर दाबला जाऊन पुन्हा वर आला, की त्यानंतर पहिल्यांदा ‘टी’ची खूण जिथे जुळेल, तिथे थांबावे. आता दोन्ही झडपा बंद असतात. पुस्तिकेतल्या मापाची पट्टी फटीत किंचित अडखळत सरकली पाहिजे. ती आत जातच नसेल किंवा सैल फिरत असेल, तर चेक नट ढिला करून स्क्रू फिरवावा. नट आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. ही दुसरी मोजणी टाळल्यानेच बहुतेकांचे काम बिघडते.

नंतर गाडी उघड्यावरच सुरू करावी. बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

माप बरोबर असूनही गाडी ओढत नसेल, तर झडप आधीच जळलेली असू शकते. तिथे हेड उघडावेच लागते आणि ते काम मिस्त्रीचे. पट्टीचे काम वेळेवर झाले, तर तो खर्च बहुधा टळतो. थंड इंजिनाची हलकी टिकटिक ऐकू येत असेल, तर घाबरू नये. नेहमी वाजणारा टॅपेट अचानक गप्प झाला, तर मात्र लांबच्या वाटेला लागण्याआधी पट्टी घालून बघावी.