मधुमेह, वाहन परवाना आणि खरे बोलण्याची किंमत

वयाच्या पंचविशीत काढलेल्या माझ्या वाहन परवान्याची वीस वर्षांची मुदत नुकतीच संपली. नूतनीकरणासाठी स्वतःच्या प्रकृतीविषयी जे प्रतिज्ञापन भरून द्यावे लागते, त्यातील एका प्रश्नापाशी लेखणी अडली. अपस्माराचे, अथवा कोणत्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपण्याचे वा घेरी येण्याचे झटके तुम्हांला येतात काय, असा तो प्रश्न आहे. मधुमेहाचा उल्लेख त्यात कोठेही नाही. मी गेली सहा वर्षे मधुमेहाची गोळी घेतो. गतवर्षी श्रावणातील एका सोमवारी सकाळी गोळी घेतली, उपवास म्हणून चहाखेरीज पोटात काही घातले नाही, आणि दुपारी महाविद्यालयातून परतताना कसाल-मालवण रस्त्यावर हात कापू लागले, दरदरून घाम सुटला, समोरून येणारी एसटी धूसर दिसू लागली. स्कूटर कशीबशी कडेला घेतली आणि एका दुकानदाराकडे साखर मागून खाल्ली. थोड्या वेळाने सारे पूर्ववत झाले. (खाजे खाल्ले असते तर चालले असते काय, असे मागाहून डॉक्टरांना विचारले. तळलेले पदार्थ अशा वेळी फार सावकाश कामास येतात, साधी साखरच बरी, असे त्यांनी सांगितले.) शुद्ध हरपली नव्हती, पण हरपण्यास फारसे अंतरही उरले नव्हते. अर्जावर काय लिहावयाचे?

मधुमेही मनुष्य वाहन चालविण्यास अपात्रच असतो, हा समज निराधार आहे. जुनाट मधुमेहाने दृष्टी अधू होते, पायांची संवेदना मंदावते, हे खरे. परंतु रस्त्यावरचा आकस्मिक धोका उद्भवतो तो बहुतांशी औषधातून. इन्सुलिन, तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लॅमाइड यांसारख्या गोळ्या रक्तातील साखर नको इतकी खाली नेऊ शकतात. ती डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली उतरली की सावध व्हावे लागते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हे भय क्वचितच असते. म्हणजे परवान्याच्या दृष्टीने निर्णायक माहिती ‘मधुमेह आहे काय’ ही नसून ‘औषध कोणते’ ही आहे, आणि नेमकी तीच आपल्या अर्जात विचारलेली नाही.

1988 च्या मोटार वाहन कायद्याची रचनाही अशीच मोघम आहे. अर्जदाराचा आजार लोकांस धोकादायक ठरेल असे दिसल्यास आठव्या कलमान्वये परवाना नाकारता येतो; सोळाव्या कलमान्वये दिलेला परवाना रद्द करता येतो किंवा नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येते. आपला आजार धोकादायक आहे हे ठाऊक असूनही वाहन चालविणाऱ्यास 186 व्या कलमाखाली पहिल्या वेळी 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु परवाना हाती पडल्यावर मधुमेह जडला अथवा इन्सुलिन सुरू झाले, तर ते अधिकाऱ्यास कळवावे, असे कलम या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने परवाना खात्यास कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास 1000 पौंडांपर्यंत दंड होतो. मात्र कळविल्याने परवाना आपोआप जात नाही. निघण्यापूर्वी दोन तासांच्या आत साखर तपासावी, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा तपासावी, अशा अटींवर तो चालू राहतो.

हा भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास चटकन उमजेल. एका पक्षास ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यास ठाऊक नसली की व्यवहार कसा नासतो, हे अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले. खरे सांगणाऱ्याचे नुकसान आणि लपविणाऱ्याचा लाभ होणार असेल, तर माणसे लपवितात. मालवणच्या एसटी स्थानकाबाहेरील रिक्षाचालकाचे किंवा करूळ घाट रोज चढणाऱ्या ट्रकचालकाचे पोट परवान्यावर चालते. ‘मी इन्सुलिन घेतो’ हे वाक्य लिहिण्याची किंमत त्याच्यापुरती सारी मिळकत एवढी असू शकते. हा प्रश्न मूठभरांचाही राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत, आणि सर्वांत अधिक प्रमाण, 26.4 टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. असे असता व्यावसायिक परवान्याच्या नूतनीकरणाचा कालावधी 2019 च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षे झाला!

विम्याच्या क्षेत्रात मात्र मौन महाग पडते. विमा मागणाऱ्याने महत्त्वाची कोणतीही गोष्ट दडवू नये, हे तत्त्व 1766 च्या एका इंग्लिश निवाड्यापासून रूढ झाले. किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या आम्हां मालवणकरांस मौज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो विमाही सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याचाच होता. जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार न सांगता घेतलेल्या आरोग्य विम्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फेटाळला. उलट, अमेरिकेस निघालेल्या ज्या प्रवाशाने मधुमेह असल्याचे स्पष्ट लिहिले होते, त्याचा हृदयविकाराचा खर्च नाकारणे अयोग्य ठरवून त्याच न्यायालयाने 2021 मध्ये त्यास न्याय दिला. चरबी कमी करणारी गोळी त्याने नमूद केली नव्हती, असा कंपनीचा आक्षेप होता. तो टिकला नाही. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणावरून आव्हानित करता येत नाही, हे संरक्षण 2015 च्या दुरुस्तीने मिळाले आहे. आरोग्य विम्यास 2024 पासून साठ महिन्यांची मर्यादा आहे, अर्थात सिद्ध झालेली लबाडी वगळून. तेव्हा मधुमेह सांगितल्याने हप्ता थोडा वाढला तरी तो लिहावाच, असे माझे मत आहे.

परवान्याच्या बाबतीत इतक्या निःशंकपणे तसे सांगवत नाही. शासनाने अर्जात औषधाचे नाव आणि साखर एकाएकी उतरल्याचा पूर्वानुभव हे दोन प्रश्न घालावेत, व्यावसायिक चालकास साखर मोजण्याचे यंत्र व पट्ट्या अल्प दरात पुरवाव्यात, आणि खरे उत्तर देणाऱ्याचा परवाना तपासणीच्या अटीवर चालू राहील असे छापील शब्दांत सांगावे. हे आश्वासन जोवर नाही, तोवर रिक्षाचालकास प्रामाणिकपणाचा उपदेश करण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकास कितपत पोहोचतो, याविषयी मला शंका आहे.

अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने मला सांगितलेच, “सर, थंय ‘नाय’च लिवा, सगळेच तसां लिवतत.” मी ‘होय’ लिहिले आणि डॉक्टरांचे पत्र जोडले. अर्ज अद्याप विचाराधीन आहे. तूर्त मी सकाळच्या एसटीने महाविद्यालयात जातो.