फॉर्म भरला म्हणजे झालं?

मांडवाच्या कडेला, चपला काढायच्या जागेजवळ एक टेबल असतं. डेकोरेटरकडून आलेलं. वर पांढरा कपडा, पत्रकं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्या आणि मागे ‘नेत्रदान, अवयवदान, देहदान’ असा फ्लेक्स. खुर्चीत मी किंवा माझ्यासारखं कुणीतरी. राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो आणि गणपतीही बऱ्याचदा त्याच सुमारास येतात. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि विसर्जन ६ सप्टेंबरला, म्हणजे अख्खा उत्सवच पंधरवड्याच्या पोटात. अशा वर्षी मंडळांना आमची हमखास आठवण होते.

नेत्रदानाबद्दलचे लोकांचे गैरसमज दूर करायला आम्ही बसतो. पण टेबलाच्या मागच्या बाजूचे, म्हणजे आमचेच गैरसमज जास्त नुकसान करतात, हे मला उशिरा कळलं. म्हणून आधी ते.

गैरसमज : जितके फॉर्म, तितकं काम

पहिल्या वर्षी आम्ही दहा दिवसांत फॉर्मचा जाडजूड गठ्ठा जमवला. स्टेजवरून आकडा जाहीर झाला, टाळ्या पडल्या, माझ्या हातात नारळ आला. त्या गठ्ठ्यातले एक काका दोन वर्षांनी गेले. आम्हाला कळलं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. भेटायला गेले तर मुलगा म्हणाला, “बाबांनी फॉर्म भरला होता? आम्हाला तर काहीच बोलले नाहीत.” कार्ड बाबांच्या पाकिटात होतं आणि पाकीट कपाटात.

नेत्रदानासाठी मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं पोचावी लागतात. त्यांना फोन करायचा असतो घरच्यांनी. ज्यानं सही केली तो त्या वेळी काहीच करू शकत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नव्हती. कायदा मात्र हे ओळखून आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार आपली इच्छा किमान दोन साक्षीदारांसमोर लिहून द्यायची असते आणि त्यातला एक तरी जवळचा नातेवाईक असावा लागतो. आम्ही काय करत होतो? शेजारच्या खुर्चीवरचे दोन कार्यकर्ते साक्षीदार म्हणून सह्या ठोकत होते. २०१४ च्या नियमांत इच्छापत्राचा नमुना वेगळा आहे, क्रमांक ७ चा. मृत्यूनंतर नातेवाइकांनी द्यायच्या संमतीचा वेगळा, ८ क्रमांकाचा. आणि नातेवाईक ‘नको’ म्हणाले की प्रत्यक्षात डॉक्टर पुढे जात नाहीत, मृताचं कार्ड कितीही चकचकीत लॅमिनेट केलेलं असो.

आता आम्ही फॉर्म टेबलावर भरून घेतच नाही. घरी न्या, जेवताना विषय काढा, मुलाची नाहीतर सुनेची सही घ्या, असं सांगतो. त्यामुळे स्टेजवरून जाहीर करायला आकडा उरत नाही. मंडळाचे चिटणीस दरवर्षी थोडे नाराज होतात.

गैरसमज : टेबलावर डॉक्टरच हवा

डॉक्टर असले तर उत्तमच, पण लोक त्यांना गुडघेदुखीबद्दल विचारतात. टेबलावर खरी गरज असते ‘हे मला माहीत नाही, विचारून उद्या सांगते’ असं न लाजता म्हणणाऱ्या माणसाची. अर्धवट माहितीवर ठोकून दिलेलं एक उत्तर दहा घरांत पोचतं.

विचारायचं कुणाला, हे मात्र पाठ हवं. राज्यात अवयवांच्या वाटपाचं काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या पाहतात. अवयवदानाच्या राष्ट्रीय संस्थेचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-११-४७७०. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर पत्रकावर छापण्याआधी एकदा रात्री अकरा वाजता लावून पाहावा. माणसं काही ऑफिसच्या वेळेतच मरत नाहीत. आमच्या एका वर्षीच्या पत्रकावरचा नंबर नुसता वाजत राहायचा. हजार प्रती वाटून झाल्यावर ते लक्षात आलं.

गैरसमज : गर्दी तिथे टेबल

आरतीच्या वेळी ताशा, झांजा आणि स्पीकर यांच्यापुढे ‘मेंदूमृत्यू’ हा शब्द ओरडून सांगून बघा. गर्दी पत्रक घेते आणि त्याच पत्रकावर प्रसादाचा शिरा खाते. मला विचाराल तर संक्रांतीचं हळदीकुंकू हा या कामाचा सगळ्यात चांगला मोका. बायका निवांत बसलेल्या असतात, एकमेकींना ओळखतात आणि आजारपण-मरण यांवर बोलायला पुरुषांइतक्या बिचकत नाहीत. वाणात नेत्रपेढीचा नंबर छापलेला फ्रिजवर लावायचा चुंबक दिला, तर तो वर्षभर डोळ्यांसमोर राहतो.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. टेबलावर ‘यथाशक्ती मदत’ असा डबा ठेवू नये. नोंदणी नसलेल्या मंडळानं अशी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. शिवाय डबा दिसला की लोक लांबूनच वळतात. दुसरं, आधार कार्डाच्या झेरॉक्स गोळा करू नयेत. ज्याला ऑनलाइन नोंदणी करायची आहे, त्यानं सप्टेंबर २०२३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय संकेतस्थळावर स्वतःच्या फोनवरून, स्वतःचा ओटीपी टाकून करावी. अनोळखी माणसांचे पत्ते आणि वयं लिहिलेला कागद मांडवात उघडा पडलेला मी पाहिला आहे. त्यावर कुणीतरी नारळ फोडला होता.

आता टेबलाच्या पुढच्या बाजूला.

‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे होतो’ हे आजही ऐकू येतं. मी वाद घालत नाही. वज्रासाठी स्वतःची हाडं देणाऱ्या दधीची ऋषींची गोष्ट समोरच्यालाही माहीत असते, तिचीच आठवण करून देते. चेहरा विद्रूप होतो ही भीतीही जुनीच. नेत्रपेढीची माणसं बहुतेक वेळा फक्त कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढतात. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, ते घरी येऊन करतात, पैसे घेत नाहीत आणि पापण्या मिटलेला चेहरा तसाच दिसतो. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, वय यांपैकी काहीच आड येत नाही. आड येतात ते रेबीज, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असे आजार. शेवटचा निर्णय नेत्रपेढीचा.

खरा गोंधळ होतो तो नेत्रदान आणि अवयवदान यांच्यात. ‘आमचे हे घरीच गेले, हृदय का नाही घेतलं?’ असं एका बाईंनी मला विचारलं होतं, आणि त्या प्रश्नात रागही होता. हृदय थांबल्यावर घरी गेलेल्या माणसाचे डोळे देता येतात, त्वचाही देता येते. हृदय, यकृत, मूत्रपिंडं मात्र रक्तपुरवठा चालू असतानाच काढावी लागतात. म्हणून आपल्याकडे मृत्यूनंतरचं अवयवदान जवळजवळ नेहमी अतिदक्षता विभागातच होतं. मेंदूमृत्यू झालेला असतो आणि व्हेंटिलेटरमुळे छाती हलत असते.

ती हलणारी छातीच नातेवाइकांचा जीव टांगणीला लावते. ‘कोमातून माणसं परत येतात ना?’ येतात, कारण कोमात मेंदू जिवंत असतो. मेंदूमृत्यूत मेंदू पार खोडापर्यंत कायमचा बंद पडलेला असतो. यंत्र काढलं तर श्वास येत नाही आणि यंत्र ठेवलं तरी हृदय फार काळ टिकत नाही. हे ठरवायला कायद्यानं चार डॉक्टर नेमलेले आहेत आणि तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास ठेवून करायच्या असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कुणीही या चौघांत चालत नाही. ‘अवयव मिळावेत म्हणून वाचवणारच नाहीत’ या संशयाला इतकं सरळ उत्तर कायद्यात आहे, पण आमच्या पत्रकावर बरीच वर्षं ते नव्हतं. तिथे होती पणतीची दोन चित्रं.

दात्याच्या अवयवांची देखभाल आणि ते काढणं यांचा खर्च त्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही. आणि पैसे ‘मिळतात का’ असं दबक्या आवाजात विचारणाऱ्यांना मी तितक्याच मोठ्या आवाजात सांगते, की अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षं, दंड वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत.

मागच्या वर्षी सातव्या दिवशी काठी टेकत एक आजी आल्या. ब्याऐंशी वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भिंगं. “माझे चालतील का गं?” चालतील म्हटलं. लगेच पर्समधून पेन काढलं. मी फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला आणि आधी घरी बोला म्हणाले. त्यांनी तिथेच सुनेला फोन लावला, स्पीकरवर. शेजारी ढोल तापत होते.

“हे बघ, मी गेले की पंखा बंद करायचा. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा. डोक्याखाली उशी घ्यायची, डोकं उंच हवं. डॉक्टरकडून दाखला करून घ्यायचा आणि या पोरी देतायत त्या नंबरला फोन लावायचा. लिहून घेतलंस?”

पलीकडे क्षणभर काही नाही. मग, “अहो आई, तुम्ही आरतीला गेलाय ना?”

“आरती होईल गं. तू आधी लिहून घे.”